ओसीसी (विमान कंपनीचं कंट्रोल सेंटर) गुरुग्रामला हलतंय. डिस्पॅचरने जावं की मुंबईत थांबावं?

रात्रपाळी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, पण शक्य असेल तर पूर्ण वाचा. घरी आणि ऑफिसात बोलून बोलून मी पुन्हा त्याच जागी येऊन थांबतो.

मी एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. वय ३६, नोकरीला बारा वर्षं झाली. या कामाची बाहेर फारशी कुणाला माहिती नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. विमान कुठल्या मार्गाने आणि किती उंचीवरून जाईल, वाटेत नि पोचल्यावर हवा कशी असेल, कुठली धावपट्टी किंवा यंत्रणा बंद आहे, एखादी दुरुस्ती पुढे ढकलली असेल तर तिच्यामुळे काय बंधनं येतात, ठरल्या जागी उतरता आलं नाही तर दुसरा विमानतळ कुठला, आणि या सगळ्याला इंधन किती, हे आम्ही काढतो. त्यानंतर ते विमान उतरेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवतो.

आमचं कंट्रोल सेंटर इतकी वर्षं मुंबईत होतं. आता ते गुरुग्रामला हलवतायत. कारण समजतं मला. पूर्वी प्रत्येक मोठ्या स्टेशनवर डिस्पॅचर असायचा, कॅप्टन समोर येऊन उभा राहायचा, टेबलावर हवामानाचे नकाशे पसरलेले असायचे. आता सगळं ब्रीफिंग त्याच्या टॅबवर जातं. क्रू कंट्रोल, मेंटेनन्स कंट्रोल आणि आम्ही एका हॉलमध्ये बसलो की निर्णय पटकन होतात. मुंबईत बसून मी बारा वर्षं दिल्लीची विमानं पाठवली, मग तिकडे बसून मुंबईची पाठवता येतील, यावर वाद घालायला जागा नाही. पण माझं घर हॉलबरोबर हलत नाही ना.

घरची परिस्थिती अशी. बायको डोंबिवलीत अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढली, मग कायम झाली. नोकरी संस्थेची, म्हणजे राज्याबाहेर बदली हा विषयच नाही. सोडली की गेली. मुलगा तिसरीत, मराठी माध्यमात. आईचा एक गुडघा बदलून झालाय, दुसरा दिवाळीनंतर करायचाय. वडील नाहीत. फ्लॅटचा हप्ता ३१ हजार, अजून अकरा वर्षं.

कंपनीने दोन पर्याय दिलेत. एक तारखेपासून गुरुग्राम, पद आणि पगार तोच, सामान हलवायला एकदाच काही रक्कम, आणि दोन वर्षांचा बाँड. नाहीतर मुंबईतच विमानतळावर ग्राउंड ऑपरेशन्समध्ये जागा. त्यात डिस्पॅचचा १८ हजारांचा भत्ता जातो. शिवाय सलग बारा महिने डिस्पॅचच्या खुर्चीपासून लांब राहिलो की पात्रता जाते, परत यायचं तर पुन्हा सगळं सिद्ध करावं लागतं. तिसरी वाट मी स्वतः शोधली. मुंबईतच एका छोट्या मालवाहू कंपनीत डिस्पॅचरची जागा आहे. विमानं तीन, पगार इथल्यापेक्षा वीस टक्के कमी, पण रोज रात्री किंवा सकाळी घरी.

सहकारी म्हणतात, एवढा काय विचार करतोस, नोकरीच आहे. मला ते तसं वाटत नाही. गेल्या जुलैतली एक रात्र सांगतो. बंगळुरूहून मुंबईला येणारं शेवटचं ए-३२०. मुंबईच्या अंदाजात जोरदार सरी, दृश्यमानता १५०० मीटर. सॉफ्टवेअरने ऑल्टरनेट, म्हणजे पर्यायी विमानतळ, म्हणून गोवा काढून दिलं, जवळ पडतं आणि इंधन कमी लागतं म्हणून. पण त्या रात्री पावसाचा पट्टा किनाऱ्याला समांतर खालपर्यंत पसरला होता. मुंबई बंद पडली असती तर गोवाही त्याच पावसात असतं. अहमदाबाद बघितलं, तिथे आधीच चार विमानं वळवलेली, उभं करायला जागा नव्हती. मी हैदराबाद टाकलं आणि वर दीड टन जादा इंधन, म्हणजे मुंबईच्या डोक्यावर चाळीसेक मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं. कॅप्टनचा फोन आला, "एवढं कशाला?" मी कारण सांगितलं. तो दोन सेकंद गप्प राहिला, मग म्हणाला, "ठीक आहे, राहू दे."

त्याला पस्तीस मिनिटं थांबावं लागलं. मग एक उघडीप मिळाली आणि तो उतरला. माझ्या स्क्रीनवर फक्त वेळ आली, १९२२ झुलू (जागतिक वेळ), म्हणजे आपले १२ वाजून ५२ मिनिटं. मी डबा उघडला आणि जेवलो. विमानातल्या कुणाही प्रवाशाला ही गोष्ट माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. पण हे काम मला येतं, आणि ते सोडून मी विमानतळावर बसगाड्यांची वेळ लावत उभा राहिलो तर आतून काहीतरी जाईल, हे मला माहीत आहे. त्या कामाला मी कमी लेखत नाही. ते माझं नाही, एवढंच.

तर विचारायचं ते हे. आमच्या धंद्यात नोकरीची शाश्वती नेमकी कशात असते? मोठ्या कंपनीत, हातातल्या पात्रतेत, की बायकोच्या कायम नोकरीत आणि डोंबिवलीतल्या घरात? आणि घर सोडून राहिलेल्या माणसांनी खरं सांगावं, हे निभतं का?

जुना_डिस्पॅचर

मित्रा, तू लिहिलेली रात्र वाचून बरं वाटलं. जवळच्या ऑल्टरनेटलाही त्याच पावसाने गाठलं असेल तर ते ऑल्टरनेट कागदावरचं. हे शिकायला मला काही वर्षं लागली.

मी या कामात ३१ वर्षं काढली, आता ठाण्याला असतो. चार कंपन्यांत नोकरी केली, त्यातल्या दोन आज नाहीत. त्यामुळे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं स्पष्ट आहे: कंपनीत शाश्वती नसते. नव्वदच्या दशकात ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी आल्या नि गेल्या. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. ३ मे २०२३ पासून गो फर्स्ट बंद, निम्म्याच्या आसपास विमानं इंजिनांअभावी आधीच जमिनीवर होती. यातली एकही कंपनी आत काम करणाऱ्यांना तकलादू वाटत नव्हती.

एक गोष्ट मात्र डिस्पॅचरला इतरांच्या आधी कळते. माझी दुसरी कंपनी बंद पडायच्या चार महिने आधी आम्हाला सूचना आली, अमुक स्टेशनवर इंधन भरू नका, निघतानाच परतीचंही घेऊन जा. एरवी असं इंधन वाहून नेतात ते तिकडे महाग असतं म्हणून. मी दोन्हीकडचे दर काढून बघितले, तर तिकडे स्वस्त होतं! मग लक्षात आलं, तिथली उधारी बंद झाली होती. पुढच्या आठवड्यात दुसरं स्टेशन, मग तिसरं. पगार त्यानंतर दोन महिन्यांनी लांबायला लागले आणि शेवटचे तीन आलेच नाहीत. मी तेव्हा ती सूचना वाचली, समजलो, आणि तरी गप्प बसून राहिलो. आपलीच कंपनी आहे, सावरेल, असं वाटत होतं. तू बसू नकोस. इंधनाच्या सूचनांकडे लक्ष ठेव आणि पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघ.

म्हणूनच ती तीन विमानांची जागा मला धास्ती घालते. एक मोठ्या तपासणीला गेलं, दुसऱ्याचं इंजिन उतरवलं, की कंपनी म्हणजे एकच विमान. तिथे जायचंच असेल तर विमानं कुणाच्या मालकीची आहेत, भाडेकरार कधी संपतो, माल कुणाचा आणि किती वर्षांच्या करारावर, हे विचार. विचारायला लाजू नकोस. तुझी बारा वर्षांची सेवा आहे, त्यांनाही तुझी गरज आहे.

माझ्या मते खरी शाश्वती चालू पात्रतेत आहे. आपल्याकडे मान्यता कंपनीच्या कामाशी बांधलेली, कंपनी बदलली की त्यांचं मॅन्युअल, त्यांचं प्रशिक्षण, त्यांची तपासणी सगळं आलं. पण कालपर्यंत खुर्चीत बसलेला माणूस ते काही आठवड्यांत पार पाडतो आणि दोन वर्षं लांब राहिलेला चाचपडतो. हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, उमेदवार म्हणून आणि तपासनीस म्हणून.

सॉफ्टवेअर माणसं कमी करेल अशी भीती तू लिहिली नाहीस, पण मनात असेलच. एका माणसाकडे आज आमच्या वेळेपेक्षा खूप जास्त विमानं असतात हे खरं. पण २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हाचं आठव. पश्चिमेकडची उड्डाणं अरबी समुद्रावरून वळवावी लागली, अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मध्ये युरोपात उतरून इंधन घ्यावं लागलं. मार्ग यंत्राने काढले असतील. पण कुठे उतरायचं, तिथे क्रू बदलायचा का, तिथल्या हवेचं काय, हे रात्रभर माणसांनीच सोडवलं.

जा, असं माझं मत. पण तीन गोष्टी लेखी घेतल्याशिवाय सही करू नकोस. बारा वर्षांची सेवा सलग धरली जाईल, म्हणजे ग्रॅच्युइटीला धक्का नाही. बाँड मोडायची वेळ आली तर नेमके किती पैसे, आणि ते दर महिन्याला कमी होत जातात का. आणि कंपनीनेच तुला कामावरून काढलं तर बाँड आपोआप संपतो. तोंडी "हो हो" चालणार नाही.

सेक्टर_छप्पन्न

दादा, मी डिस्पॅचरची बायको. काकांनी कागदाची बाजू सांगितली, मी घराची सांगते.

माझा नवरा चार वर्षं गुरुग्रामला एकटा राहिला, मी नि मुलगी पुण्यात. मागच्या वर्षी आम्ही सगळेच इकडे आलो. त्याची पाळी दोन दिवस, दोन रात्री, मग चार सुट्ट्या. कागदावर चार सुट्ट्या बघून मीही खूश झाले होते. आता त्या मोजून बघा. दुसरी रात्रपाळी सकाळी सातला सुटते, ती पहिली सुट्टी. तारवटलेल्या डोळ्यांनी विमानतळावर जायचं, स्टाफ तिकीट सबलोड, जागा असेल तर मिळणार. शुक्रवारी-रविवारी पुण्याची विमानं भरलेली. एकदा सकाळी नऊपासून तीन विमानं सोडून रात्री साडेदहाला पोचला होता. दुसरा दिवस झोपेत. तिसरा दिवस आमचा. चौथ्या दिवशी दुपारनंतर त्याचं घड्याळाकडे लक्ष, कारण परतीचंही तिकीट सबलोडच, आणि पाळी चुकवून चालत नाही. म्हणजे आठ दिवसांत घराला एक दिवस आणि थोडा वर.

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. बाबा आले की ती सगळ्यात आधी विचारायची, "झोपून आलास की झोपायला आलास?" त्यावरून तिचा दिवस ठरायचा.

हे तुम्हाला घाबरवायला नाही लिहिलं. निभलं आमचं. पण निभलं कारण सासूबाई धडधाकट होत्या आणि मुलीला त्या सांभाळायच्या. तुमच्याकडे आईंनाच कुणाचा तरी हात लागणार आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे पहिले सहा आठवडे तरी तुम्ही घरी हवेत. शाळेची नोकरी, मुलगा आणि सासूबाईंचा व्यायाम, वहिनींनी एकटीने किती ओढायचं? हे त्यांना विचारलंत का? तुमच्या लिहिण्यात त्यांची नोकरी आहे, त्या स्वतः नाहीत.

आणि त्यांनी नोकरी सोडून यावं असं कृपा करून सुचवू नका. मी पुण्यातली नोकरी सोडून आले. इथे दीड वर्ष शोधतेय. दोन पगारांवर घेतलेलं कर्ज एका पगारावर फेडताना काय होतं ते दर महिन्याला बघते. मुलाच्या शाळेचंही बघा. दिल्लीत पहाडगंजला नूतन मराठी शाळा आहे, पण गुरुग्रामहून लहान मुलाला रोज तिकडे पाठवणं शक्य नाही. इथे सगळं इंग्रजी आणि हिंदी.

पाचवा_मजला

मी नाही गेले. तुमच्यासारखाच प्रसंग, कंपनी वेगळी. सात वर्षं डिस्पॅच केल्यावर मुंबईत विमानतळ चालवणाऱ्यांकडे नोकरी घेतली. घर, आईवडील, मुलं सगळं जागेवर राहिलं. तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

पण काय जातं ते माहीत असू द्या. दोन वर्षांनी परत येऊन बघितलं होतं. नव्या मुलांबरोबर वर्गात बसून इंधनाच्या नियमांपासून सुरुवात. ट्रिपच्या इंधनावर आकस्मिक म्हणून पाच टक्के, अखेरचा राखीव साठा तीस मिनिटांचा, हे पाठ होतं. पण ज्या सहजतेने मी एका नजरेत वीस विमानतळांची हवा वाचायचे ती गेली होती. तिसऱ्या आठवड्यात मीच सोडलं. अजूनही पावसाळ्यात रात्री जाग आली की फोनवर मुंबईचा मेटार (विमानतळावरच्या हवेचा ताजा अहवाल) बघते. बारा महिने ही रेघ खरी आहे, पण हात जायला त्याहून कमी वेळ लागतो.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, डोंबिवलीहून तुम्हाला सोयीचाही पडेल. तिथे ऑपरेशन्सच्या जागा निघतात. डिस्पॅच नसेल, पण बसगाड्यांच्या वेळा लावण्याहून तुमच्या कामाला जवळचं काही मिळू शकेल.

टेक्सासची_पाळी

दादा, दुसऱ्या टोकाहून थोडंसं. मी इथे डॅलसजवळ एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत डिस्पॅचर आहे, मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आले, काम करायची परवानगी मिळाल्यावर २०० तासांचा कोर्स केला, लेखी आणि तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा दिली.

इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, सर्टिफिकेट माझ्या नावाचं आहे, त्याला मुदत नाही. कंपनी बुडाली तरी ते माझ्याकडेच. दोन, कायद्याने उड्डाणाची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांची मिळून. हे ऐकून तिकडच्यांना वाटतं इकडे शाश्वती आहे. पण स्थलांतर इथेही चुकत नाही. मोठ्या कंपन्यांची सेंटर्स ठरलेली: अटलांटा, शिकागो, फोर्ट वर्थ. तिथली नोकरी हवी तर तिथे जायचं. आणि कंपनी बदलली की ज्येष्ठता शून्यावर. दहा वर्षं काम केलेला माणूस पुन्हा गणपती-दिवाळीला रात्रपाळी करतो, कारण पाळ्या ज्येष्ठतेने निवडायच्या असतात. म्हणून इथले लोक कंपनी बदलताना पगारापेक्षा एकच विचारतात, या शहरात मी पंधरा वर्षं राहीन का? तुम्हीही गुरुग्रामबद्दल हेच विचारून बघा.

रात्रपाळी_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण ताईंनी विचारलेला प्रश्न खरा होता. मी बायकोला "काय करूया" असं विचारत होतो, "तुला किती झेपेल" असं विचारलंच नव्हतं.

विचारलं. रात्री भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "मला एकटीला सहा महिने जमेल. दोन वर्षं जमेल असं आज सांगू शकत नाही. पण तू विमानतळावर उभा राहून रोज तोंड पाडून आलास तर ते मला एक दिवसही जमणार नाही." मग आम्ही वही घेऊन बसलो. तिचा पगार, हप्ता, तिकडचं भाडं, आईसाठी सकाळी चार तास बाई. महिन्याला हातात जेमतेम सहा-सात हजार उरतात. पण उरतात.

काकांच्या तीन गोष्टी मी मेलवर विचारल्या. सेवा सलग आहे, हे लेखी आलं. बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल, हेही आलं. कंपनीने काढलं तर काय, यावर "धोरणानुसार" एवढंच उत्तर आलं होतं, मी पुन्हा लिहिलं, आता ते कायदा विभागाकडे आहे. त्या उत्तराशिवाय सही करणार नाही. आईचं ऑपरेशन आधी, म्हणून रुजू व्हायला आठ आठवड्यांची मुदत मागितली, सहा मिळाली. मालवाहू कंपनीत जाऊन आलो. भाडेकरार मार्चमध्ये संपतोय, पुढचं ठरलेलं नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांच्याबद्दल आदर वाटला, पण तिथे जाणार नाही.

एकटाच जातोय. घर हलवणार नाही, मुलाची शाळा बदलणार नाही. सहा महिन्यांनी आम्ही दोघं पुन्हा वही घेऊन बसणार आणि तेव्हा तिला जमत नसेल तर बाँडचे राहिलेले पैसे भरून मी परत येणार. ती रक्कम आत्ताच वेगळी काढून ठेवायला सुरुवात केलीय. पाचव्या मजल्यावरच्या ताई, नवी मुंबईतल्या जागांवरही लक्ष ठेवून आहे.

सेक्टर छप्पन्नच्या ताईंना एक विचारायचं होतं. खोली मेट्रोजवळ बघू की ऑफिसजवळ? रात्रपाळी सुटल्यावर थेट विमानतळ गाठायचाय.

सेक्टर_छप्पन्न

मेट्रोजवळ. सिकंदरपूर किंवा इफ्को चौकाच्या बाजूला बघा. ऑफिसला जायला कंपनीची गाडी असते, घरी यायला नसते. खोली दिवसा अंधार होणारी घ्या, नाहीतर जाड पडदे तिकडूनच घेऊन या. आणि थंडीत येताय, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या विमानाच्या भरवशावर राहू नका, धुकं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वहिनींना माझा नंबर द्यायचाय, व्यक्तिगत निरोपात पाठवते.